रीमरबाईंची वर्गवही

अमेरिकेहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, नायगारा केलात का? नाही केला. तीन महिने मुलीकडे राहिले. त्यांतले बहुतेक दिवस नेपरव्हिलमधल्या तिच्या घराच्या खिडकीत बसून समोरच्यांचा बर्फ उपसण्याचा कार्यक्रम बघण्यात गेले. जो एक प्रवास घडला तो तीन दिवसांचा, विस्कॉन्सिनमधल्या सरोवराकाठच्या एका गावापर्यंतचा. त्या गावात बघण्यासारखं काही नाही असं तिथलेच लोक सांगतात. मी तिथे जे बघितलं ते त्या गावातलं नव्हतंच. ते होतं जर्मनीतल्या एका मुलींच्या शाळेचं, आणि ती शाळाही आता राहिलेली नाही.

सुरुवात तिथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीत झाली. माझी मुलगी मुग्धा मला तिथे घेऊन गेली होती आणि दिसेल त्याला सांगत होती, "ही माझी आई, रिटायर्ड टीचर आहे, जर्मन शिकवायची." हे अर्धंच खरं. नोकरीची पहिली सहा वर्षं मी सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या एका गावी कन्याशाळेत होते. तिथे मी इतिहास आणि मराठी शिकवत असे. जर्मन आलं ते पुण्याला बदली झाल्यावर, संध्याकाळचे वर्ग करून. पुढे एका ग्रंथालयातली जुन्या पाद्र्यांची जर्मन पत्रं लावायचं काम अंगावर पडलं, तेव्हा ते जुन्या वळणाचं, काट्याकाट्यांचं अक्षरही वाचायला शिकले. निवृत्तीनंतर त्याचा उपयोग फक्त फुशारकी मारायला होत होता.

तिळगुळाची वाटी पुढे करत एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणाले, "ताई, ते जुनं जर्मन अक्षर वाचता येते का तुम्हाला?"

हे डॉक्टर देशमुख. मूळ नागपूरचे, तरुणपणीच अमेरिकेत आलेले, विस्कॉन्सिनमध्ये आयुष्यभर डॉक्टरकी करून आता निवृत्त. मुलाकडे चार दिवस आले होते. त्यांच्या शेजारी एलन नावाच्या एक बाई राहतात, वय एक्याऐंशी, पूर्वी त्यांची पेशंट. एलनला जर्मनीहून काही कागद आले होते आणि ते आल्यापासून बाई जेवत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

"तिच्या आईच्या शाळेचे कागद आहेत. शुक्रवारी ते लोक पुस्तक छापायला देऊन राहिले. त्याच्या आत कुणीतरी आपल्या माणसानं ते वाचलं पाहिजे, असं तिचं म्हणणं आहे."

"आई, व्हिडिओ कॉलवर कर ना," मुग्धा म्हणाली. "रोड कंडिशन्स बघ, यार."

मी म्हटलं, दुसऱ्याच्या आईबद्दल बोलायचं असेल तर समोर बसून बोलावं. मुग्धाने माझ्याकडे बघितलं, मग फोनमध्ये बघितलं आणि ऑफिसला कळवलं की ती तीन दिवस बाहेरगावाहून काम करणार आहे. तिचा हा गुण बापाचा.

बुधवार, रस्ता आणि कॉफी

शिकागोला वळसा घालून उत्तरेला निघालं की तासाभरात घरं विरळ होतात. मग पांढरी शेतं, लाल कोठारं, गुरांच्या वैरणीचे उंच बुरूज. वाटेत एका दुकानात चीजचे ताजे तुकडे मिळाले. ते दाताखाली रबरासारखे कुरकुरतात आणि कुरकुरले तरच ताजे, असं विकणारी बाई सांगते. मला ते आवडले. मुग्धा म्हणाली, सोडियम बघ. गाडीने एकदा बर्फावर अंग टाकलं, सरळ पलीकडच्या पट्ट्यात गेली आणि परत आली.

दुपारी देशमुखांकडे पोचलो. नलूताईंनी गोळाभात केला होता आणि वर लसणाचं गरम तेल. बाहेर सरोवर काठापर्यंत गोठलेलं आणि आत नागपूर. जेवण झाल्यावर एखादी डुलकी काढावी असं फार वाटत होतं, पण एलनने साडेतीनला बोलावलं होतं आणि डॉक्टर म्हणाले, साडेतीन म्हणजे साडेतीन.

एलन दारातच उभी होती. सडपातळ, ताठ, केस मागे घट्ट बांधलेले. टेबलावर कॉफी, सफरचंदाचा केक आणि तीन पातळ कागदी फायली. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, मग ख्यालीखुशाली, मग चहा, आणि मुद्दा उठताना दाराशी येतो. एलनने केकचा पहिला तुकडा माझ्या ताटलीत ठेवला आणि म्हणाली, "माझी आई माझ्याशी जन्मभर खोटं बोलली का, एवढंच मला तुमच्याकडून हवं आहे."

मग तिने सगळं सांगितलं. तिच्या आईचं नाव लोटे. जर्मनीतल्या एका गावात ती मुलींच्या माध्यमिक शाळेत शिकत होती. कुटुंब ज्यू. नाझी सत्तेवर येऊन काही वर्षं झाली होती आणि लोटेच्या वडिलांना आज-उद्या पकडणार अशी कुणकूण लागली होती. एका शनिवारी शाळा सुटताना वर्गशिक्षिका फ्रॉइलाइन रीमर यांनी लोटेला थांबवलं आणि म्हणाल्या, सोमवारपासून तू येऊ नकोस, कुणाला काही सांगू नकोस, तुझ्या बाकाकडे मी बघते. रविवारी ते लोक आत्याकडे जेवायला जातो असं सांगून निघाले आणि हॉलंडला पोचले. आठवडाभर गावात कुणालाच पत्ता लागला नाही. त्या आठवड्यात त्यांना बोटीचे कागद मिळाले.

"आई मला हे दर वर्षी सांगायची," एलन म्हणाली. "देवाचं नाव घ्यायची नाही, त्या बाईचं घ्यायची."

आता त्या शाळेचा इतिहास लिहून होत होता. लिहिणाऱ्या फ्राउ ब्रांट यांनी एलनला मसुदा पाठवला होता, सोबत त्या वर्गाच्या वहीतल्या काही पानांच्या प्रती. वर्गवही म्हणजे शिक्षकांनी रोज भरायची वही. कोणत्या तासाला काय शिकवलं, कोण गैरहजर, कुणाला शाबासकी, कुणाला ताकीद, हे त्यात असतं. त्या वहीप्रमाणे लोटे त्या आठवड्यात सगळे सहा दिवस वर्गात होती. नुसती होती असं नाही, तिच्याबद्दल शेरे होते. आणि त्यापुढच्या सोमवारी रीमरबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, लोटे विनापरवानगी गैरहजर, कार्यालयाला कळवले.

मसुद्यात त्यामुळे दोन वाक्यं होती. एक, विद्यार्थिनीच्या आठवणीला कागदपत्रांचा आधार मिळत नाही. दुसरं, वर्गशिक्षिकेने ज्यू विद्यार्थिनीची गैरहजेरी तातडीने वर कळवली.

मी त्यांना "रीमरबाई" म्हणते आहे ते मुद्दाम. आमच्या कन्याशाळेत सगळ्या बाईच असत, आणि त्यांच्याकडे सगळ्या फ्रॉइलाइन, म्हणजे कुमारी. शिक्षिकेने लग्न केलं की नोकरी जायची, असा तिकडे एके काळी नियमच होता.

त्या संध्याकाळी मी मसुदा वाचून काढला. शाळा सुरू झाली एका कापडवाल्याच्या माडीवर, गावातल्या चार व्यापाऱ्यांनी आपल्या मुलींसाठी काढलेली. फ्रेंच, भरतकाम, पियानो आणि बेताचं गणित. पुढे नगरपालिकेने ती घेतली, लाल विटांची इमारत बांधली. मुलींना शेवटच्या परीक्षेला बसायचा हक्क मिळाला, तेव्हा शिपायाने घंटा वाजवायला घेतली ती थांबवेना. मग नाझी आले. मुख्याध्यापिकाबाईंना घरी बसवलं, गणिताचे तास कमी केले, स्वयंपाकाचे वाढवले. युद्धात इमारतीचं इस्पितळ झालं. युद्धानंतर पुन्हा शाळा, मग मुलगेही आले, मग ती दुसऱ्या शाळेत मिसळून टाकली. आज तिथे वर फ्लॅट आहेत आणि खाली गाण्याचे वर्ग. आमच्या कन्याशाळेचं याहून फारसं वेगळं नव्हतं. कापडवाल्याच्या जागी अडत्याची माडी, पियानोच्या जागी बाजाची पेटी.

वहीची पानं मी उद्यावर ठेवली. डोळे थकले होते असं सांगितलं. खरं म्हणजे एलनच्या प्रश्नाचं उत्तर वाईट निघालं तर ते सकाळी कळलेलं बरं, असं मला वाटलं.

गुरुवार, सहा शेरे

सकाळी नलूताईंच्या जेवणाच्या टेबलावर पानं मांडली. डॉक्टरांनी गावच्या लायब्ररीतून मोठी करून छापून आणली होती, पण काळी-पांढरी. मुग्धा पलीकडच्या खोलीत मीटिंगमध्ये होती आणि दर पाच मिनिटांनी "साउंड्स गुड" म्हणत होती.

अक्षर रीमरबाईंचं सुबक होतं. शिस्तीची बाई. अक्षरावरून माणूस कळतो यावर माझा फार विश्वास नाही, पण वर्गात कोण शिक्षक कसा वागतो ते त्याच्या रोजच्या नोंदीवरून कळतं. मी आधी मागचे दोन महिने वाचले. लोटेचं नाव दोनदा आलं होतं. एकदा सर्दीने गैरहजर, एकदा गणिताच्या शिक्षकांनी दिलेली शाबासकी, त्यांच्या स्वतःच्या गिचमिड अक्षरात.

मग तो आठवडा. सोमवारी लोटे शिवणाचं सामान विसरली. मंगळवारी लोटेने फळा नीट पुसला नाही. बुधवारी तासाला बोलली. गुरुवारी कविता चांगली म्हटली. शुक्रवारी पाच मिनिटं उशिरा आली. शनिवारी खेळाचे बूट विसरली.

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं.

दोन महिन्यांत दोन नोंदी आणि मग सहा दिवसांत सहा. सगळ्या एकाच हाताच्या. शिवणाला दुसरी बाई होती, खेळाला तिसरी. त्या आपापल्या तासाच्या नोंदी आपापल्या हाताने करत. पण त्या आठवड्यात लोटेचं नाव त्यांच्यापैकी एकीनेही लिहिलं नव्हतं. सगळे शेरे रीमरबाईंनी ओळीच्या शेवटी, उरलेल्या जागेत कोंबून लिहिले होते. आणि वहीप्रमाणे त्या आठवड्यात अर्धा वर्ग तापाने आडवा पडलेला असताना ही एक मुलगी सहाही दिवस ठणठणीत.

हजर असलेल्या मुलीबद्दल कुणी इतकं लिहीत नाही. हजर मुलगी बाकावर बसलेली असते, ती दिसते, तिला कागदावर सिद्ध करावं लागत नाही. खोटी हजेरी लावणारा हात मात्र जरा जास्तच लिहितो. त्याला भीती असते.

हे मला कसं कळलं, ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं. मीही एकदा अशी हजेरी लावली आहे. आणि ते कुणालाही सांगायची माझी तयारी नव्हती, पलीकडच्या खोलीत बसलेल्या मुलीला तर मुळीच नाही.

डॉक्टरांना मी फक्त वहीतलं दाखवलं. ते वाकून बघत राहिले. "हे तर केस पेपरवर मागाहून लिहिल्यासारखं दिसून राहिलं," ते म्हणाले. "पण ताई, तिकडची बाई मानेल का?"

मी फ्राउ ब्रांट यांना लिहिलं. रंगीत प्रती हव्यात, आणि शक्य तर शुक्रवारी छपाईआधी दहा मिनिटं बोलायचं आहे. उत्तर तासाभरात आलं, नम्र आणि कोरडं. प्रती पाठवते, बोलू शकते, पण त्यांचं कार्यालय शुक्रवारी एक वाजता बंद होतं आणि मजकूर त्याच वेळी जातो. त्यांचे दुपारचे बारा म्हणजे आमचे पहाटेचे पाच.

दुपारी मन घरात रमेना म्हणून आम्ही गावातल्या एका खानावळीत गेलो. कागदी वेष्टनात मासा, बटाटे आणि राय नावाच्या धान्याचा काळा पाव. तिकडे खाणं झालं की आपला ट्रे आपणच उचलून कचऱ्यात रिकामा करायचा. मी अगदी शहाण्यासारखा केला. घरी आल्यावर लक्षात आलं की वाचायचा चष्मा त्याच ट्रेवर होता. आम्ही तशाच परत. तिथल्या मुलीने काही न बोलता हातमोजे दिले, आणि मुग्धाने, जी घरी सिंकमधलं खरकटंही हाताने काढत नाही, तिने कोपरापर्यंत हात घालून कागद, हाडं, लिंबाच्या फोडी उपसल्या. चष्मा निघाला तेव्हा त्याला पांढरा सॉस लागला होता. "आई, तू कुठल्या जगात आहेस?" ती म्हणाली. त्या क्षणी सांगून टाकावं असं फार वाटलं होतं. तिचे हात बघून धीर झाला नाही.

संध्याकाळी एलनकडे जाऊन सांगितलं की आशा आहे. तिने विचारलं, किती? मी म्हटलं, उद्या पहाटे कळेल. तिने लगेच कॉफीच्या यंत्रात पाणी भरून ठेवलं.

शुक्रवार, पाच वाजता

पहाटे साडेचारला रंगीत प्रती आल्या. एलनच्या टेबलावर लॅपटॉप, भोवती आम्ही चौघं. एलन, डॉक्टर, मुग्धा आणि मी. बाहेर बर्फ पडत होता आणि हीटर मध्येच खाकरत होता.

रंगीत पानावर ते सहा शेरे बाकीच्या मजकुरापेक्षा काळे होते. सगळे एकसारखे काळे. त्याच बाईंच्या रोजच्या नोंदी कुठे निळसर, कुठे फिक्या, कुठे दाट, जशी दौत, जसा दिवस. हे सहा मात्र एका बैठकीत, एका दौतीतून उतरलेले.

बरोबर पाचला फ्राउ ब्रांट पडद्यावर आल्या. पन्नाशीच्या, थकलेल्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मला वाटलं होतं कुणी अडेलतट्टू बाई असेल. तशी नव्हती. मी जर्मनमध्ये माझं म्हणणं एकेक करून मांडलं. त्यांनी प्रत्येक पान स्वतःकडे उघडून बघितलं. घाई केली नाही.

मग म्हणाल्या, "तुमचं निरीक्षण चांगलं आहे. पण आठवड्याच्या शेवटी राहिलेल्या नोंदी एकदम करणारे शिक्षक मी शेकड्याने बघितले आहेत. आळस म्हणून. यातून ती मुलगी वर्गात नव्हती हे सिद्ध होत नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगते. युद्धानंतर आमच्या गावात प्रत्येकाने कुणाला ना कुणाला वाचवलेलं होतं. माझ्या आजोबांनीसुद्धा. मी शोधलं, काही निघालं नाही. तेव्हापासून मी फक्त कागदावर विश्वास ठेवते."

"कागद खोटा असू शकतो," मी म्हटलं.

"असू शकतो. पण तुम्ही इतक्या खात्रीने कशावरून सांगता?"

घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. एलनला जर्मन येत नाही. तिची आई घरात एक शब्द जर्मन बोलली नव्हती. ती फक्त माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी विचार केला, बोलते आहे ते जर्मन आहे, इथे कुणाला कळणार नाही. भित्र्या माणसाची हुशारी असते ती.

मी सांगितलं. मी पंचवीस-सव्वीस वर्षांची होते. आठवीच्या ब तुकडीची वर्गशिक्षिका. दिवाळीनंतर मंदा नावाची मुलगी शाळेत आली नाही. तेव्हाच पट तपासायला अधिकारी येणार होते. एक मुलगी कमी झाली असती तर तुकडी मोडली असती, आणि तुकडी मोडली की सगळ्यांत नवी शिक्षिका सरप्लस, म्हणजे तिची रवानगी जागा असेल त्या गावी. सगळ्यांत नवी मी होते. मी मंदाला हजर लावलं. एक दिवस, दोन दिवस, मग वार्षिक परीक्षेपर्यंत. आणि नुसती हजेरी खोटी वाटेल म्हणून शेरे लिहिले. गृहपाठ अपूर्ण. वही आणली नाही. निबंध चांगला. इतर बायकांच्या तासांचे शेरेसुद्धा मीच लिहिले, कारण त्यांना सांगायची हिंमत नव्हती. शनिवारी, सगळ्या घरी गेल्यावर, एका बैठकीत.

"रीमरबाईंनी काय केलं ते मला वाचावं लागलं नाही," मी म्हटलं. "मी ते ओळखलं."

फ्राउ ब्रांट यांनी एलनकडे बघितलं. मग इंग्रजीत म्हणाल्या, "हे एलन यांना कळायला हवं. त्यांच्या आईसाठी हा पुरावा आहे. कृपया त्यांना सांगा."

मला वाटलं होतं, जर्मनच्या आड उभी राहून सुटले. पण एलन वाट बघत होती. एक्याऐंशी वर्षांची बाई, दोन्ही हात टेबलावर ठेवून. मी तिला इंग्रजीत सगळं पुन्हा सांगितलं. माझं इंग्रजी साधं आहे, त्यात काही लपवायला जागा नसते. मुग्धाकडे मी बघितलं नाही. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

पाच चाळीसला फ्राउ ब्रांट यांनी निर्णय सांगितला. माझी गोष्ट पुस्तकात येणार नाही, येऊही नये. पण पहिलं वाक्य त्या बदलतील. त्या आठवड्यातले लोटेसंबंधीचे शेरे मागाहून, एकाच वेळी लिहिलेले दिसतात, आणि विद्यार्थिनीच्या आठवणीशी ते विसंगत नाहीत. दुसऱ्या वाक्यातला "तातडीने" हा शब्द जाईल. गैरहजेरी पूर्ण आठवडा उलटल्यावर कळवली, असं येईल. वाचणाऱ्याला अर्थ कळेल. त्यांनी ती वाक्यं आमच्यासमोर टाइप केली, वाचून दाखवली आणि पाठवली. पडदा बंद होण्याआधी त्या मला म्हणाल्या, "आजोबांचे कागद मी पुन्हा एकदा बघीन."

एलन रडेल असं वाटलं होतं. ती उठली, कॉफी ओतली, डॉक्टरांच्या कपात साखर घातली, जी ते घेत नाहीत, आणि मागे वळून म्हणाली, "शी वॉज टेलिंग द ट्रुथ." मग दुसऱ्यांदा तेच, जरा मोठ्याने. मग ती खुर्चीत बसली आणि केकचा मोठा तुकडा कापून खाल्ला. एवढ्या दिवसांत तिला खाताना आम्ही पहिल्यांदा बघितलं. मला इतकं बरं वाटलं की क्षणभर मी स्वतःला विसरले.

खाऊन झाल्यावर तिने माझा हात धरला. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आणि तुमची मुलगी?" तिने विचारलं. "मंदा. ती कुठे पळून गेली होती?"

मी म्हटलं, ती पळाली नव्हती. तिचं लग्न लावून दिलं होतं.

एलनने हात सोडला नाही, पण तिचा चेहरा बदलत गेला. रीमरबाईंची एक गोष्ट ऐकत ती मोठी झाली होती, आता समोर दुसरी होती.

आम्ही सातच्या सुमारास निघालो. नलूताईंनी वाटेसाठी पोहे दिले होते. ते डब्यातच राहिले. रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक पुढे होता आणि मुग्धा त्याच्या मागे सावकाश चालली होती. एरवी ती ओव्हरटेक करते.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "किती वर्षांची होती?"

"तेरा."

"आणि सरप्लस होऊन बदली झाली असती तर काय एवढं झालं असतं, आई?"

"मला तिसरा महिना होता. तुझ्या वेळचा. बाबा पुण्यात होते. अनोळखी गावात एकटी कशी राहणार, असं वाटलं."

ती रस्त्याकडे बघत राहिली. पुढच्या ट्रकमधून मिठाचे खडे काचेवर येत होते. तिने वायपर लावला, बंद केला, पुन्हा लावला.

"पण कुणी शोधलं नाही तिला? स्कूलमधून कुणी? महिनोन्‌महिने मुलगी येत नाही म्हटल्यावर..."

"कागदावर ती रोज येत होती ना," मी म्हटलं. "शोधायला कोण जाणार?"

"तू, आई. तुला माहीत होतं."

मंदाचं घर शाळेपासून दहा मिनिटांवर होतं. बाजार ओलांडला की दत्ताच्या देवळामागे. मी रोज त्याच रस्त्याने घरी जात असे. हे सगळं मी तिला सांगितलं, आणि हेही की त्या वर्षभर मी देवळापाशी आले की रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालत असे.